न विचारता टाकलं, आणि सासूबाई बोलेनाशा झाल्या

ह्या महिन्यात घरात साठलेल्या सामानाबद्दलची पत्रं एकत्र घेतलीयत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण त्या घरात वेळ कमी आहे आणि माणूस दुखावलेला आहे.

प्रश्न: ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो, टू बीएचके, मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. त्या ७५ च्या आहेत. काही टाकायचं म्हटलं की त्यांना आधीपासूनच जिवावर यायचं, पण सासरे गेले आणि त्यानंतर फारच वाढलं. दुधाच्या पिशव्या धुवून वाळवून त्यांचे गठ्ठे, श्रीखंडाचे डबे, हॉटेलच्या पार्सलचे डबे, मिठाईचे बॉक्स, सुतळी, लग्नामुंजीत आलेले ब्लाऊजपीस, सासऱ्यांची औषधं, बंद पडलेला मिक्सर, सगळं त्यांच्या खोलीत. अर्ध्या पलंगावर बोचकी आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात त्या अंग चोरून झोपतात. आता पॅसेजमध्ये आणि बाल्कनीतपण यायला लागलंय. मे महिन्यात त्या नणंदेकडे नाशिकला गेल्या होत्या तेव्हा ह्यांनी भंगारवाल्याला बोलवून टेम्पो भरून दिलं. आल्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, दोन दिवस जेवल्या नाहीत, तेव्हापासून खोलीला कुलूप आणि माझ्याशी तर बोलणंच बंद, त्यांना वाटतं मीच करायला लावलं. आणि आता परत तेवढंच जमलंय. त्यात आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, सहा-आठ महिन्यांत भाड्याच्या वन बीएचकेत जायचंय. नवरा म्हणतो तेव्हा परत एकदा टेम्पो बोलवू, काय व्हायचं ते एकदाच होऊ दे. हा आजार असतो का? त्यांचं माहेर पुण्यातलं, नारायण पेठेतलं, पानशेतच्या पुरात घर गेलं होतं हे त्या सारखं सांगतात, त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर: हे आधी मिस्टरांना वाचायला द्या. दुसरा टेम्पो नको. पहिल्याने काय झालं ते तुम्हीच लिहिलंय, सामान परत तेवढंच जमलं आणि वर कुलूप लागलं. हे फक्त तुमच्याच घरी झालंय असं समजू नका, माणसाच्या पाठीमागे सामान काढलं की बहुतेक घरांमध्ये असंच होतं, कारण वस्तू टाकताना जीव कासावीस होतो ती खरी अडचण असते आणि ती तशीच राहते, उलट आता घरच्यांवर लक्ष ठेवायचं कामही त्या माणसाच्या मागे लागतं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत ह्यात नाटक नाहीये हो, तो खरा धक्का आहे.

आजार असतो का, तर हो, असतो. होर्डिंग डिसऑर्डर म्हणतात. पूर्वी हा ओसीडीचाच, म्हणजे मंत्रचळेपणाचाच, एक प्रकार धरायचे, २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ ह्या मानसिक आजारांच्या यादीत त्याची वेगळा आजार म्हणून नोंद झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ह्या आजारांच्या यादीतही तो आहे. डॉक्टर साधारण हे बघतात की वस्तूला किंमत असो नसो, ती टाकणं सतत जड जातं का, टाकायचं नुसतं नाव काढलं तरी त्रास होतो का, आणि घरातली जागा जिच्यासाठी आहे त्या कामाला वापरता येईनाशी झालीय का. पलंगावर नीट झोपता न येणं ही मोठी खूण आहे. माळा गच्च भरलेला असणं ही काही खूण नाही, तो तर महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांचा भरलेला असेल. आणि घर मोकळं दिसतंय पण ते फक्त घरचे मागे लागून आवरतात म्हणून मोकळं आहे, असं असेल तरी तो आजार धरला जातो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वय वाढतं तसं ह्याचं प्रमाण वाढतं, आणि ज्यांना हा त्रास असतो त्यांच्यातल्या साधारण निम्म्या लोकांच्या नात्यात अजून कोणीतरी साठवणारं असतं.

पण पत्रावरून मी त्यांना आजारी ठरवणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे एकदा जायलाच हवं, आणि तिथे दोन गोष्टी आठवणीने सांगा. एक म्हणजे हे सासरे गेल्यावर वाढलं. जोडीदार गेल्यानंतरचं नैराश्य म्हाताऱ्या माणसांमध्ये रडण्यातून दिसेलच असं नाही, ते असंही दिसू शकतं आणि त्यावर औषध असतं. दुसरं, त्यांची आठवण कशी आहे, गॅस चालू राहतो का, आंघोळीची टाळाटाळ होते का, कचऱ्याच्या डब्यातून वस्तू परत काढतात का. उतारवयात असं वागणं अचानक सुरू झालं किंवा एकदम वाढलं तर डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे का हे तपासावं लागतं, आणि मग सगळा रस्ताच बदलतो. सासूबाई डॉक्टरकडे जायला तयार नसतील तर तुम्ही दोघं आधी १४४१६ वर टेलिमानसला फोन करा, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि पेशंटच्या घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

पानशेतबद्दल. १२ जुलै १९६१ ला आधी पानशेत आणि मग खडकवासला धरण फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा सासूबाई दहा-अकरा वर्षांच्या असणार. तेवढ्या वयाच्या मुलीने सकाळचं भरलेलं घर संध्याकाळी चिखलात बघितलंय. आता, त्यामुळेच त्या साठवतात असं मी म्हणणार नाही. लहानपणी गरिबी बघितलेला माणूस साठवतोच असं अभ्यासातून काही दिसत नाही, मात्र ज्यांना हा त्रास आहे त्यांच्यातले खूप जण सांगतात की आयुष्यात काहीतरी मोठं गमावलं आणि त्यानंतर हे सुरू झालं किंवा वाढलं. सासूबाईंच्या बाबतीत घर गेलं, नवरा गेला आणि मे महिन्यात परत एकदा, त्या घरात नसताना, त्यांच्या वस्तू गेल्या. त्या पुराचं सारखं सांगतात ना, तर एकदा बसून नीट ऐकून घ्या, काय काय गेलं, कोणती भांडी होती, कोणाच्या साड्या होत्या, मध्ये सामानाचा विषय न काढता.

मग पहिलं काम मिस्टरांचं. तुमचं नाही, त्यांचं. आईसमोर बसून त्यांनी सांगायचं की आई, तुला न विचारता मी दिलं, हिने सांगितलं नव्हतं, माझं चुकलं, तुझ्या वस्तूला तुझ्याशिवाय कोणी हात लावणार नाही. आणि मग खरंच लावायचा नाही, गुपचूप एक पिशवीसुद्धा टाकायची नाही, मुलांनापण सांगून ठेवा. कुलूप लगेच निघणार नाही. थांबा. तुम्ही सुनेने कितीही गोड बोललात तरी हे काम तुमच्याने होणार नाही, त्यांच्या मनात राग तुमच्यावर आहे आणि तो मुलानेच घालवायला हवा.

त्यानंतर टाकण्याचा विषय बाजूला ठेवून सुरक्षेचा काढायचा. ७५ व्या वर्षी रात्री बाथरूमला उठताना बोचक्यात पाय अडकून खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं हे त्यांनी त्यांच्या मैत्रिणींमध्ये बघितलेलं असणार. म्हणून पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून बाथरूमपर्यंत पायवाट मोकळी, प्लगच्या बोर्डाला काही टेकलेलं नको, पूर्ण पलंग झोपायला, आणि बाल्कनीतल्या डब्यांमध्ये पाणी साठायला नको कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. एवढंच मागा. वस्तू इकडची तिकडे झाली तरी चालेल, बाहेर गेलीच पाहिजे असं नाही. ह्याला त्या हो म्हणायची शक्यता जास्त आहे.

मग हळूहळू निवडायला बसायचं, अर्धा तास, त्यापेक्षा जास्त नको, आणि खोलीत नाही तर डायनिंग टेबलवर, एकच प्रकारची वस्तू घेऊन. ब्लाऊजपीस आणि सासऱ्यांच्या वस्तू सगळ्यात शेवटी. सुरुवात दुधाच्या पिशव्यांपासून करा. त्यांनाच विचारा की आपल्या घरात महिन्याला किती लागतात, कशाकशाला लागतात. त्या म्हणतील फ्रीजमध्ये भाजी ठेवायला, प्रवासात ओले कपडे ठेवायला. बरं, मग पन्नास ठेवूया का, का शंभर? आकडा त्यांनी सांगायचा. त्यांनी दोनशे सांगितला तर दोनशे. मग त्याच मोजतील, त्याच बांधतील आणि वरचा गठ्ठा रद्दीवाल्याला त्यांच्याच हाताने जाईल आणि पैसे त्यांच्याच हातात येतील. दुधाच्या पिशव्या बरेच रद्दीवाले वजनावर घेतात, तुमच्या इथला घेतो का विचारा, त्याचं परत प्लास्टिक होतं हे त्यांना सांगा. ह्या पिढीला फेकणं म्हणजे माजल्यासारखं वाटतं आणि त्यात त्यांचं काय चुकलं मला कळत नाही, दोन बोटांत धरून फेकणारे आपण काही फार शहाणे नाही. त्यामुळे वस्तू कोणाच्या उपयोगी पडणार हे दिसलं की हात सैल होतो. साड्या असतील तर बोहारीण अजून येत असेल तर तिला बोलवा, सासूबाईंनाच दारात बसून घासाघीस करू दे, पाच साड्यांवर एक डबा घेतला तरी पाच गेल्या आणि एक आला. चांगल्या धड कपड्यांसाठी गूंजसारख्या संस्था आहेत, फक्त धुतलेले आणि वापरण्याजोगे द्यायचे.

निवडताना तुमच्या तोंडून "हे कशाला हवंय" येऊ देऊ नका. त्याऐवजी "ह्याचं काय करूया" विचारा. त्या ठेवू म्हणाल्या तर ठेवायचं आणि पुढची वस्तू घ्यायची. ह्या आजारावर जी उपचारपद्धती सगळ्यात जास्त तपासली गेलीय ती सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारं समुपदेशन, आणि तिच्यातही हेच असतं, निर्णय घ्यायची सवय लावणं, टाकताना होणारी घालमेल थोडा वेळ सहन करायला शिकणं आणि नवीन आणणं कमी करणं. महिनोन्महिने लागतात. खास ह्याच आजाराचं म्हणून औषध नाहीये, सोबत नैराश्य किंवा काळजीचा आजार असेल तर त्याचं असतं.

रिडेव्हलपमेंटचा मात्र फायदा करून घ्या. भाड्याचं घर ठरलं की सासूबाईंना आधी तिथे घेऊन जा, त्यांचा कोपरा दाखवा, टेपने त्यांनाच मापू दे, इथे किती बॉक्स बसतील ते त्यांनी ठरवू दे. जे त्या आज ठरवू शकत नाहीत त्याचे बॉक्स भरा आणि त्यावर त्यांच्याच अक्षरात आत काय आहे ते लिहून घ्या. आणि घर खाली करायच्या दिवशी त्यांना कुठे पाठवू नका. नणंदेकडे नको, देवळात नको. त्या तिथे खुर्चीवर बसलेल्या असल्या पाहिजेत आणि त्यांचे बॉक्स सगळ्यात शेवटी टेम्पोत चढले पाहिजेत, त्यांच्या डोळ्यांसमोर. मिस्टरांनी जर फक्त एवढं एक केलं तरी मे महिन्याची जखम बरीच भरेल.

प्रश्न: नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ६६, साताऱ्यात एकटा राहतो, पत्नी नाही, मुलगा बाहेरगावी. वर्तमानपत्रं, कात्रणं, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्या असं सगळं मिळून दोन खोल्या भरल्या आहेत. मला कोणी सांगायला नको, मला कळतं. निवडायला बसतो, पण प्रत्येक कात्रण वाचत बसतो आणि संध्याकाळी तेवढंच परत ठेवतो. लाज वाटते म्हणून घरी कोणाला बोलवत नाही.

उत्तर: सर, तुम्ही स्वतःहून लिहिलंत ह्याचं मला फार बरं वाटलं, कारण ह्या विषयावरची बहुतेक पत्रं दुसऱ्याची तक्रार करणारी असतात. आणि लाज वाटायचं कारण नाही. तुमची अडचण आळसाची नाहीये, प्रत्येक कागद तुम्हाला महत्त्वाचा वाटतो आणि कमी महत्त्वाचा कुठला हे ठरवताना अडायला होतं, ह्या त्रासात हे अगदी नेहमी दिसतं.

पहिले दोन महिने कात्रणांना हातच लावू नका. ती वाचायचा मोह होणार, शिक्षक आहात. आधी नुसती अख्खी वर्तमानपत्रं काढा, न उघडता, तारीख बघून, सगळ्यात जुन्यापासून, कारण त्यातलं जे हवं होतं ते तुम्ही त्याच दिवशी कापून घेतलेलं आहे. आणि येणारं थांबवा, दोन पेपर येत असतील तर एक बंद. त्यातही स्वयंपाकघरात आणि मीटरच्या बोर्डाजवळ जे गठ्ठे असतील ते आजच्या आज हलवा, एकट्या माणसाच्या घरात कागदाला आग लागली तर दार गाठायला वेळ मिळत नाही.

नंतर एक प्रयोग करा, सीबीटीत करतात तसा. एक गठ्ठा घ्या, तो गेला तर किती वाईट वाटेल ते दहापैकी आकड्यात वहीत लिहा, आणि तो ओळखीच्या एखाद्याच्या घरी महिनाभर ठेवायला द्या. मधल्या काळात त्यातलं काय खरंच लागलं ते लिहा. महिन्याने परत आकडा लिहा. बहुतेक वेळा तो उतरलेला असतो, पण तुमचं तुम्हाला बघायला हवं, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. मोबाइलवर फोटो काढून ठेवा असा सल्ला कोणी दिला तर सांभाळून, दोन खोल्या मोबाइलमध्ये हलवल्या तर तिथेही निवडायचं राहूनच जातं.

दिवाळी अंक आणि पुस्तकांचं वेगळं बघा. आपल्याकडे १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी सार्वजनिक वाचनालयं गावोगाव आहेत, पण जागा त्यांच्याकडेही नसते, त्यामुळे पोती घेऊन जाऊ नका, आधी यादी करून ग्रंथपालांना दाखवा. यादी तुम्ही सुंदर कराल ह्याची मला खात्री आहे. विद्यार्थ्यांच्या वह्यांमधल्या पाच-सात स्वतःला ठेवा. आणि घराची एकच जागा, दारातली खुर्ची आणि समोरचं टेबल, आधी रिकामी करून एखाद्या जुन्या सहकाऱ्याला चहाला बोलवा. सगळं आवरून झाल्यावर बोलवीन म्हणाल तर ते कधी होणार नाही सर.

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी, एक पुण्यात आणि मी न्यू जर्सीत. आईबाबा दोघंही गेले, कोल्हापूरचं घर बंद आहे, डिसेंबरमध्ये दोन आठवडे येतेय आणि तेवढ्यात घर रिकामं करायचंय. सुरुवात कुठून करू? देवांच्या जुन्या तसबिरींचं काय करतात?

उत्तर: सुरुवात कागदांपासून, आणि कागद सापडेपर्यंत रद्दीवाल्याला दारात उभं करू नका. आपल्या आईवडिलांच्या पिढीने कागद फाइलमध्येच ठेवलेत असं नाही, कपाटाच्या खणात अंथरलेल्या पेपरखाली, साडीच्या घडीत, देवघराच्या ड्रॉवरमध्ये, डाळीच्या रिकाम्या डब्यात बघा. नोंदणी केलेलं खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), फ्लॅट असेल तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचे दाखले, मृत्युपत्र हे कायमचं ठेवायचं. आयकराचे कागद निदान सात-आठ वर्षांचे. जुनी पासबुकं आणि एफडीच्या पावत्या फेकू नका, दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या फंडात वळवतात पण वारसांना त्या मागता येतात, शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे. कंपन्यांचे कागदी शेअर सापडले तर तेही जपा, सात वर्षं डिव्हिडंड न घेतलेले शेअर सरकारच्या आयईपीएफ फंडात गेलेले असू शकतात आणि तिथून परत मिळवायची पद्धत आहे. २०१६ ला बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा सापडल्या तर आठवण म्हणून गठ्ठा ठेवू नका, २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं गुन्हा आहे.

तसबिरी पिंपळाखाली नेऊन ठेवू नका, पावसात त्यांची काय दशा होते ते आपण सगळेच बघतो. फ्रेम आणि काच वेगळी काढा, काच कागदात गुंडाळून कचऱ्यावाल्याला सांगून द्या, आणि चित्राचा साधा कागद असेल तर घरीच बादलीत भिजवून त्याचा लगदा कुंडीत किंवा झाडाच्या मुळाशी घाला. पूजेतल्या पितळी मूर्ती आणि टाक शक्यतो नात्यातल्या ज्यांच्याकडे देवघर आहे त्यांना विचारून द्या, लोक आनंदाने घेतात.

औषधं, थर्मामीटर, सीएफएलचे दिवे, बॅटऱ्या हे घरगुती घातक कचऱ्यात येतं, ओल्या-सुक्यात मिसळू नका, वेगळ्या पिशवीत महापालिकेच्या गाडीवाल्याला सांगून द्या. टीव्ही, मिक्सर, वायरी ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला.

आणि तुम्ही दोघींनी विमानाचं तिकीट काढायच्या आधी फोनवर एक गोष्ट ठरवा, दोघींना एकच वस्तू हवी असली तर काय करायचं. चिठ्ठी टाका, आळीपाळीने निवडा, काहीही, पण आधी ठरवा, आईचं कपाट उघडल्यावर ते ठरवायला जाऊ नका. आईच्या सुती साड्या मात्र पहिल्याच दिवशी बाजूला काढून वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणाऱ्या बायकांकडे द्या, तुमच्या भागात शिवणाऱ्या मिळतील, हाताचे टाके घालायला वेळ लागतो आणि शेवटच्या आठवड्यात दिल्यात तर परतीच्या बॅगेत ती येणार नाही. बहिणीला नंतर आणायला सांगावी लागेल.